चार कोंबड्या आणि महापालिका: शहरात कोंबड्या पाळायच्या तर कायदा काय म्हणतो?

"किती आहेत?" खिडकीपलीकडच्या साहेबांनी विचारलं.

"चार."

"अंडी विकता?"

"नाही. घरच्यापुरतीच."

"कोंबडा?"

"नाही."

"मग कशाला आलात?"

क्षेत्रीय कार्यालयातला हा संवाद एवढाच. मी परवानगीचा अर्ज लिहून नेला होता, शिक्का मारायला पोच-प्रतसुद्धा होती. साहेबांनी अर्ज वाचला, हसले आणि परत दिला. कोंबडी पाळायला परवाना देण्याचा तक्ताच त्यांच्याकडे नव्हता. कुत्र्याचा होता. त्या तीन प्रश्नांत शहरातल्या कोंबडीचा बहुतेक सगळा कायदा आला होता, हे मात्र मला कायद्याची पानं चाळल्यावर, दोन महिन्यांनी कळलं.

आधी हे बघायचं की आपण कुठल्या कायद्याच्या हद्दीत राहतो. मुंबईला स्वतःचा वेगळा कायदा आहे, १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा राज्यातल्या बाकीच्या महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा कायदा लागू. आणि पुण्या-खडकीसारख्या ठिकाणी रस्त्याच्या अलीकडे महापालिका तर पलीकडे कॅन्टोन्मेंट, तिथे २००६ चा केंद्राचा छावणी कायदा. त्यामुळे "माझ्या मावसभावाकडे चालतं" या वाक्याला काही अर्थ नसतो. मावसभाऊ कुणाच्या हद्दीत राहतो ते आधी विचारा.

आता गंमत. महापालिकेच्या कायद्यात परवान्याशिवाय काय ठेवता येत नाही आणि कुठले धंदे करता येत नाहीत, याचं एक लांबलचक कलम असतं. मुंबईच्या कायद्यात ते ३९४, १९४९ च्या कायद्यात ३७६. त्यात जनावरांचा उल्लेख आहे, पण कसा? घोडे, गुरं किंवा इतर चार पायांची जनावरं विक्रीसाठी, भाड्याने देण्यासाठी किंवा त्यांचं दूधदुभतं वगैरे विकण्यासाठी ठेवायची असतील तर परवाना घ्या. चार पायांची! कोंबडीला पाय दोन. १८८८ साली ज्याने हा मसुदा लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर मुंबईतले तबेले आणि गोठे असणार, परसातली कोंबडी त्याच्या खिजगणतीतही नसणार. त्या काळी घरामागे कोंबड्या असणं ही सांगायची गोष्टच नव्हती.

म्हणून घरच्यापुरत्या चार-सहा कोंबड्यांसाठी "परवाना दाखवा" असं सहसा कुणी म्हणत नाही. पण परवाना नाही म्हणजे मुभा, असं समजणारा माणूस पुढच्या कलमावर आपटतो. मुंबईच्या कायद्याचं ३८४ वं कलम बघा. डुकरांवर त्यात वेगळं बंधन आहेच. त्याखेरीज आपल्या जागेत कुठलंही जनावर अशा रीतीने ठेवायचं नाही की त्याचा कुणाला उपद्रव होईल किंवा धोका होईल, आणि जनावराला घाण, विष्ठा असलं काही खाऊ घालायचं नाही. इथे पाय मोजलेले नाहीत. इथे कोंबडीही आली, पोपटही आला.

उपद्रव हा या सगळ्या विषयातला कळीचा शब्द. कायद्याला तुमच्या कोंबडीशी काही देणंघेणं नाही. शेजारच्या घरात तिचा वास जातो का, आवाज जातो का, माश्या जातात का, एवढंच त्याला बघायचं असतं. तक्रार आली की यंत्रणा हलते, न आली तर वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही. हे चांगलं की वाईट ते सोडा, पण आहे हे असं आहे. एकाच गल्लीत एकाच्या कोंबड्या चालतात आणि दुसऱ्याला नोटीस येते, त्याचं कारण बहुतेक वेळा कोंबड्यांत नसतं, पार्किंगवरून झालेल्या जुन्या भांडणात असतं.

महापालिकेखेरीज आणखी एक दार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या कलम २७० मध्ये आहे आणि शिक्षा कलम २९२ मध्ये, एक हजार रुपयांपर्यंत दंड. जुन्या भारतीय दंड संहितेत तो दोनशेपर्यंत होता. दंडाची रक्कम किरकोळ वाटेल, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांसारखे कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव हटवण्याचा आदेश काढू शकतात, आणि तो खरा झोंबणारा असतो.

आता साहेबांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. कोंबडा.

मे २०१९ मध्ये पुण्यात सोमवार पेठेतला एक कोंबडा देशभर बातमीत झळकला. पहाटे घराबाहेर येऊन आरवतो आणि झोपमोड होते, अशी एका महिलेने पोलिसांत तक्रार केली होती. लोक हसले. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळातल्या पथनमथिट्टा जिल्ह्यात अडूरला असंच प्रकरण थेट महसूल अधिकाऱ्यापर्यंत गेलं. पहाटे तीनला शेजारचा कोंबडा आरवतो म्हणून एका वयस्कर गृहस्थांनी तक्रार केली. अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, जागेची पाहणी केली, कोंबड्या वरच्या मजल्यावर ठेवल्यात हे पाहिलं आणि चौदा दिवसांत खुराडं तिथून हलवून आवाराच्या दुसऱ्या बाजूला न्या, असा आदेश दिला. मला हा निवाडा शहाणपणाचा वाटतो. कोंबडा मारा असं म्हटलं नाही, विका असंही नाही. जागा बदला, एवढंच.

आवाजाचे आकडे पाहिले तर तक्रारदाराची बाजू भक्कमच असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. कोंबडा जवळून मोजला तर शंभर डेसिबलच्या घरात जातो. हे नियम लिहिताना कोंबडा कुणाच्या मनात नव्हता, भोंगे आणि डीजे होते. पण सहाच्या आधी आरवणारा प्राणी कागदावर रात्रीच आवाज करतो.

आणि सहाच्या आधीच आरवतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की कोंबडा उजेड बघून आरवत नाही. त्याच्या अंगातच घड्याळ असतं आणि उजाडायच्या दोनेक तास आधीपासून ते त्याला उठवतं. सतत मंद उजेडात ठेवलं तरी आरवणं आपल्या वेळेला सुरू. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण सांगतो. शहरात कोंबडा पाळणाऱ्याने तिच्यात भर घालावी: कोंबडं झाकलं म्हणून ते आरवायचंही राहत नाही. डालग्यावर पोतं टाकून, वर गोधडी टाकून मी स्वतः पाहिलंय. आवाज जरा दबतो, इतकंच.

कोंबडीला अंडी घालायला कोंबडा लागत नाही, हे बऱ्याच शिकलेल्या लोकांना माहीत नसतं. कोंबडा नसेल तर अंड्यातून पिल्लू निघणार नाही, बाकी अंडं तेच, चवही तीच. त्यामुळे शहरात फक्त माद्या ठेवा हा सल्ला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. अडचण अशी की एक दिवसाची गावरान पिल्लं विकत घेताना नर कुठला आणि मादी कुठली हे विकणाऱ्यालाही छातीठोक सांगता येत नाही. म्हणून पिल्लांऐवजी तलंगा घ्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या, दोनअडीच महिन्यांपुढच्या माद्या. तोवर तुरा आणि शेपटीची पिसं बघून फरक कळायला लागतो. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, तसंच छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूरला आहेत. काय शिल्लक आहे ते फोन करून विचारावं, नाहीतर फेरी फुकट.

आम्ही अर्थातच शहाणपण न करता रस्त्यावरच्या टोपलीतून पाच पिल्लं आणली होती. त्यातल्या एकाने चौथ्या महिन्यात, एका रविवारी, गळा साफ केल्यासारखा काहीतरी चिरका आवाज काढला. आई खिडकीतून म्हणाली, "हे गेलं गावाला." आठवड्याभरात गेलंही. म्हणून साहेबांना मी "कोंबडा नाही" असं खरं सांगू शकलो.

बंगला किंवा रो-हाऊस असेल तर गोष्टी इथवरच. फ्लॅट असेल तर सोसायटी मध्ये येते, आणि तिथे महापालिकेपेक्षा जास्त डोकं लावावं लागतं. गच्ची, जिना, पार्किंग, इमारतीभोवतीची मोकळी जागा हे सगळं सामाईक. गच्चीच्या कोपऱ्यात खुराडं ठेवणं म्हणजे सामाईक जागेचा स्वतःसाठी वापर, आणि तो सभेच्या मंजुरीशिवाय करायचा नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इतर सभासदांना त्रास होईल असं काही करू नये, अशी अट असतेच. इथे कुणीतरी हमखास ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं परिपत्रक काढतं, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही म्हणून. ते परिपत्रक खरं आहे, पण ते कुत्र्यांबद्दल आहे. कोंबडीला त्याचा कितपत आधार मिळेल यावर मी पैज लावणार नाही. घरात, स्वतःच्या बाल्कनीत दोन कोंबड्या ठेवणारे लोक मी पाहिलेत. विष्ठा रोज उचलली तर वास येत नाही. एक दिवस राहिली तर खालच्या मजल्याला कळतं.

खुराड्याचं बांधकाम हा असा मुद्दा आहे की तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. इमारतीभोवती सोडलेलं सामासिक अंतर मोकळं ठेवायचं असतं. तिथे विटा, पत्रा, सिमेंट घालून शेड उभी केली की मामला कोंबडीचा राहत नाही, अनधिकृत बांधकामाचा होतो. मग आरोग्य खात्याऐवजी बांधकाम खात्याचा माणूस येतो, आणि १९६६ च्या नगररचना कायद्याखालची नोटीस कोंबडीच्या तक्रारीपेक्षा फार जड असते. तेव्हा खुराडं उचलून नेता येईल असं करा. लाकडी चौकट, जाळी, वर पत्रा, खाली चार पाय किंवा चाकं. जमिनीपासून फूट-दीड फूट उंच ठेवलं की उंदीर, घुशी खाली बिळं करत नाहीत आणि झाडायलाही सोपं जातं. जाळी बारीक चौकोनाची घ्या. मोठ्या चौकोनाच्या जाळीतून मांजर पंजा घालून मान ओढतं. एकदा पाहिलेलं विसरत नाही.

खुराडं किती मोठं? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, कलम ११ मध्ये, जनावराला हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. इतकी वर्षं झाली, तो आकडा हललेला नाही. पन्नास रुपयांत आज पाव किलो चिकनही येत नाही. तर दंडाच्या भीतीने नव्हे, पण एका कोंबडीला आत निदान तीन-चार चौरस फूट आणि बाहेर उकरायला थोडी माती मिळाली पाहिजे. दाटीत कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात.

साहेबांचा मधला प्रश्न विक्रीचा होता. शेजारच्या काकूंना चार अंडी देणं वेगळं आणि दारावर "गावरान अंडी मिळतील" अशी पाटी लावणं वेगळं. पाटी लागली की धंदा झाला, मग अन्नसुरक्षेची नोंदणी आली, महापालिकेचे प्रश्न आले, सोसायटी असेल तर निवासी जागेचा व्यापारी वापर आला. कापून विकणं तर थेट परवान्याचंच काम, ते घरी करायचं नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची मात्र चिंता नको, ते पाच हजार पक्ष्यांपुढच्या शेडकडे बघतं.

आता ज्याबद्दल खरोखर घाबरायला हवं ते. बर्ड फ्लू.

भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आपल्याकडेच झाला, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला. पोल्ट्रीच्या शेडपासून तीन किलोमीटरच्या आतली एकूण एक कोंबडी नष्ट केली गेली, त्यात घराघरांतल्या परसातल्या कोंबड्याही आल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंबा गावात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या, त्याच सुमारास मुंबई-ठाण्यात मेलेल्या कावळ्या-बगळ्यांतही विषाणू सापडला. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला घरगुती कोंबड्यांत तो आला. चिरनेर नवी मुंबईपासून किती लांब? मोटारसायकलवर तासाभराचाही रस्ता नाही.

अशा वेळी पशूंमधल्या संसर्गजन्य रोगांबाबतचा २००९ चा केंद्रीय कायदा लागू होतो आणि त्याच्यापुढे तुमची सोसायटी, तुमची महापालिका, तुमचं प्रेम, काहीच चालत नाही. सध्याच्या कृती आराखड्यानुसार बाधित जागेपासून एक किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी. बाधित क्षेत्रातले सगळे पाळीव पक्षी मारतात, तुमचे ठणठणीत असले तरी. ठरलेल्या दराने नुकसानभरपाई मिळते, पण ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लपवून ठेवण्यात सगळ्या बाजूंनी तोटा. पुन्हा कोंबड्या आणायच्या तर काही महिने थांबावं लागतं.

माणसं अशा वेळी जी एक चूक हमखास करतात ती म्हणजे रात्रीतून कोंबड्या टोपलीत घालून गावाला पाठवतात. जीव वाचवतोय असं त्यांना वाटत असतं. तोच रोग पसरवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे आणि कायद्याने गुन्हाही. एका दिवसात दोन-तीन कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे-काळे पडले, डोकं सुजलं, तर मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, कचऱ्यात टाकू नका, कुत्र्याला घालू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री नंबर फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

बहुतेक वेळा तो बर्ड फ्लू नसतो, मानमोडी असते. सरकारी भाषेत राणीखेत. उत्तराखंडातल्या त्या थंड हवेच्या गावात हा रोग आपल्याकडे पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून बिचाऱ्या गावाचं नाव कोंबड्यांच्या मरणाला चिकटलं. याची लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचायची लस. अडचण शहरी आहे: बाटली निदान शंभर पक्ष्यांची, आपल्याकडे चार. आणि एकदा कालवलेली लस दोनेक तासांत संपवायची, उरली तर फेकायची. आमच्या भागात आता सहा घरांनी मिळून एकच दिवस ठरवलाय. बर्फाच्या थर्मासमध्ये बाटली घेऊन एकजण फिरतो. शंभरातले सत्तर-ऐंशी डोस तरीही वाया जातात.

परदेशातल्या नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांना आपला कायदा सैल वाटतो, आणि आहेच. न्यूयॉर्क शहराने सरळ लिहून ठेवलंय: कोंबडी चालेल, कोंबडा, बदक, हंस, टर्की चालणार नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एकच कोंबडी असली तरी सरकारी नोंदवहीत नाव घालावं लागतं. कारण तेच, बर्ड फ्लू आला तर पक्षी कुठे कुठे आहेत हे माहीत हवं. आपल्याकडे चिरनेरसारखा प्रसंग आला की कर्मचारी दारोदार फिरून विचारतात, "कोंबड्या आहेत का?" आणि लोक परसाचं दार लोटून म्हणतात, "नाहीत." अशी एक साधी, फुकटची नोंदणी आपल्याकडेही असावी असं मला वाटतं. दंडाची भीती न घालता.

ती येईपर्यंत मी एवढं केलंय. तोच अर्ज पुन्हा लिहिला, पण परवानगी मागायला नाही, माहिती कळवायला: अमुक पत्त्यावर चार माद्या, कोंबडा नाही, विक्री नाही, उचलून नेण्याजोगं खुराडं, विष्ठेचं खत बागेतच. महापालिकेच्या आवक-जावक खिडकीत दिला आणि पोच घेतली. खिडकीत या वेळी दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, शिक्का मारला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "अंडी कितीला देता?"